आरा मिलचं सरईटोला

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन माय पुन्हा चालायला लागली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता ती देवदर्शनाला न्या म्हणेल. ती म्हणाली, "मले सरईटोल्याले ने."

सरईटोला हे तिचं जन्मगाव. तिचे वडील भंडाऱ्याकडचे. इथल्या आरा मिलमध्ये (लाकूड कापण्याचा कारखाना) आऱ्यांना धार लावणारे मिस्त्री होते. मायला जन्म देऊन तिची आई गेली. शेजारच्या फुलबासन नावाच्या गोंड बाईनं आपल्या सुकबतीसोबत हिलाही अंगावर पाजलं, वाढवलं. पुढे भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, तसे मिस्त्री लहानग्या लेकीला घेऊन तिकडे गेले आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. मायला परत कुणी आणलं नाही. आता तिनं सत्तरी ओलांडली आहे. सुकबती आहे की नाही, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी माय आणि मी भिलाईतल्या मरोद्याहून निघालो. धमतरी मागे पडलं, हळूहळू शेतं विरळ झाली आणि सालवन सुरू झालं. सालाला इथं सरई म्हणतात. झाडांवर फिकट पिवळा मोहोर होता, काचा खाली केल्या की गाडीभर वास. गावाच्या अलीकडे नाल्याच्या वाळूत आमचं चाक रुतलं. मोह वेचणाऱ्या बाया टोपल्या ठेवून धावत आल्या आणि गाडी ढकलू लागल्या. "गाड़ी घलो महुआ पी ले हे का?" (गाडीनंही मोहाची घेतली का?) एकीनं विचारलं. माय खळखळून हसली.

आरा मिलचं छप्पर केव्हाच गेलंय. विटांचं धुराडं मात्र ताठ उभं आहे, नि गंजलेल्या बॉयलरच्या सावलीत शेळ्या बसलेल्या असतात. एके काळी इथं रेल्वेचे सालाचे स्लीपर (रुळांखालचे ओंडके) कापले जात आणि छोट्या गाडीनं मोठ्या लाइनीपर्यंत पोचत. स्लीपर सिमेंटचे झाले, मिल बंद पडली. छोट्या गाडीचे रूळही गेले. तिच्या भरावावरून आता पोरं सायकलींनी शाळेत जातात. पलीकडे वनखात्याचा डेपो आहे. ओंडक्यांच्या थप्प्या, ओल्या लाकडाचा तुरट वास. सालाच्या खांबांचं जुनं विश्रामगृहही पाहण्यासारखं आहे, पण मायचं लक्ष कशातच नव्हतं.

डेपोसमोरच्या चहावाल्याला मी सुकबतीबद्दल विचारलं.

"सुकबती तो दू झन रिहिन," तो म्हणाला. (दोघी होत्या.) "एक झन पऊर साल बीत गे." (एक गेल्या वर्षी वारली.) फुलबासनची कोणती, हे त्याला माहीत नव्हतं. तो नवा होता. दुसरी तळ्याच्या काठी राहते, एवढं त्यानं सांगितलं.

मायनं अर्धा चहा तसाच ठेवला. आम्ही तळ्याच्या वाटेला लागलो. मी हात पुढे केला तर तिनं तो घट्ट धरला.

शेणानं सारवलेल्या अंगणात एक म्हातारी वाळलेला मोह निवडत बसली होती. माय अंगणाच्या कडेलाच थांबली. शेवटी मीच हिंदीत म्हणालो, "ये मेरी माँ है. मिल के मिस्त्री की बेटी."

म्हातारी उठली. मायच्या अगदी जवळ येऊन बघत राहिली. "मिस्त्री के नोनी?" (मिस्त्रीची पोर?) मग तिचा आवाजच चढला. "अब आए हस? दाई तोर बाट देखत-देखत चल दिस!" (आता आलीस? आई तुझी वाट बघता बघता गेली!)

"मोला कोनो नइ लानिन ओ," माय म्हणाली. (मला कुणी आणलंच नाही गं.)

माय भिलाईच्या बाजारात भाजीवालीशी छत्तीसगढी बोलते, ती मी ऐकली आहे. ही तशी नव्हती. हा आवाज एखाद्या लहान मुलीचा होता. दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि मी तळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

जेवायला तांदळाचे चिले (घावन) आणि पतालची (टोमॅटोची) चटणी होती. सुकबती वाढायची आणि माय "बस" म्हणाली की आणखी एक टाकायची. उन्हं उतरली तसा मी निघू या म्हणालो.

"तू जाय. मी राहून राहिली चार दिवस."

"कावून? तुह्या गोळ्या, तुहा गुडघा..."

"गोळ्या पिशवीत हायेत. बहिणीच्या घरी आली न मी? कावून काय इचारतं!"

सुकबतीनं तेवढ्यात तिची पिशवी आत नेऊन ठेवलीसुद्धा.

परतताना मी एकटाच होतो. मायच्या सावत्र आईचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर होतं. ती तिथं सणाला जायची आणि संध्याकाळच्या आत परत यायची. राहायला म्हणून कधी गेली नाही. ते मला आजवर कधी खटकलंच नव्हतं.

घरी दार उघडताच बायकोनं माझ्यामागे पाहिलं. "माय कुठी राहिली?"

"माहेरी गेली," मी म्हणालो.