काचेतल्या वाद्याचा आवाज

आमची ताई शाळेत गाणं शिकवते आणि कुणी टपली मारली तरी त्यालाच विचारते, हाताला लागलं नाही ना? तिचे सर एक जुनं वाद्य वाजवायचे. मांडीत धरून गजानं वाजवायचं, सात तारांचं, कित्येक पिढ्या जुनं. म्हातारपणी त्यांचं औषधपाणी ताईनंच केलं. "हे तुलाच," म्हणायचे. ते गेले आणि मुलानं वाद्य संग्रहालयाला विकून टाकलं. ताईला विचारलंसुद्धा नाही मेल्यानं!

पण सरांनी शिकवलेलं तिला सुटेना. तसं नवं घडवून घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं. शेवटी आम्ही वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्यानं आधी गिटार दाखवली, तिच्यावर गज नीट फिरेना. मग कोपऱ्यातून कुणीतरी टाकून दिलेला चेलो काढला, मोठ्या व्हायोलिनसारखा, तोही गजानंच वाजवायचा. ताईनं त्याच्या पोटावर टिचकी मारून कान लावला.

"अगं, याला तारा चारच," मी म्हटलं.

"चालेल. सरांच्या वाद्याला होते तसे पडदे तेवढे बांधून द्या."

"दुधाची तहान ताकावर," दुरुस्तीवाला हसला, आणि चेलोच्या मानेवर त्यानं जुन्या पद्धतीनं आतड्याच्या तातीचे वेढे पडदे म्हणून बांधून दिले. तीन तारांची उणीव ताईनं बोटांनी भरून काढली. बोटं सोलवटली, पण सरांचा सूर आला. मी स्वतः ऐकलाय.

मग संग्रहालयातले साहेब घरी आले. जुन्या वाद्याच्या तारा ताणल्या तर लाकूड फुटेल, आणि लोकांना आवाज तर ऐकवायचाय, म्हणाले. "तुमच्या चेलोवर वाजवून रेकॉर्डिंग द्याल?" ताई लगेच तयार. नाव घालाल ना, असं मीच विचारलं. "घालू की," म्हणाले.

उद्घाटनाला गेलो. काचेत वाद्य, खाली बटण. दाबलं की ताईचं वाजवणं. पाटीवर लिहिलेलं, 'मूळ वाद्याचा आवाज'. ताईचं नाव कुठंच नाही. सरांचा मुलगा तिथंच डोळे पुसत उभा होता.

"ऐकलंत ना ताई?" तो म्हणाला. "तुमच्या त्या चेलोतून असा आवाज निघाला असता का?"

"छे हो, कुठला निघायला!" ताई म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

"का गप्प बसलीस गं?" मी ओरडले.

"खरं सांगितलं असतं, तर त्यांनी ते बटण काढून टाकलं असतं," ती म्हणाली. "मग मला कुणी ऐकलं असतं?"