बापूंचा वाढलेला पाय

माझ्या वडलांचा पाय वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दोन बोटं वाढला, असं तुळजापुरात आमच्या गल्लीत सगळे मानतात. तो वाढलेला नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि मी अकरा वर्षं गप्प बसलो. आता माझी पंचेचाळिशी उलटली. गप्प बसण्याचाही माणसाला शीण येतो, तेव्हा सांगूनच टाकतो.

वडलांना आम्ही बापू म्हणतो. भूगोलाचे मास्तर. निजामाच्या अमलात नोकरीला लागले आणि तीस वर्षं हैदराबाद राज्याचा भूगोल शिकवला. त्यांचा चारमिनारचा धडा गाजलेला होता. एका पोराला टेबलावर उभं करायचे, तो चारमिनार. (चौथीत असताना मीही एकदा चारमिनार झालो होतो. टेबल डुगडुगत होतं.) मग बापू छडी फिरवायचे आणि वर्ग ओरडायचा, "उत्तरेला मुसी नदी! दक्षिणेला फलकनुमा! पूर्वेला गोवळकोंडा!"

"आन पश्चिमेला?"

"मावळता सूर्य!"

ह्या धड्यावर शिकून दोघं-तिघं स्वतः भूगोलाचे मास्तर झाले; एकजण तर सोलापूरला लागला. बापू स्वतः मात्र नळदुर्गाच्या पलीकडं कधी गेले नव्हते. पुढं मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला आणि पाठोपाठ बापू रिटायर झाले.

"राजधानी गेली, भूगोल गेला, नोकरी गेली," ते म्हणाले. "आता एकदा त्या चारमिनारवर चढून चारी दिशा बघायच्या. एकदाच. मग डोळे मिटले तरी चालतील."

आणि शहर बघायचं ते पायी. टांग्यातून शहराची एकच बाजू दिसते, हे त्यांचं मत. म्हणजे आधी पायात काय घालायचं ते ठरायला हवं! ओसरीवर आठवडाभर खल चालला. शेजारचे रिटायर पोस्टमास्तर म्हणाले, "वहाणा नको. शहरात डांबर असतंय, वहाण तिथंच राहती आन माणूस पुढं जातो." कॅनव्हासचे बूट बापूंना ड्रिलमास्तरचे वाटत. पंपशू नवरदेवाचे. आई आतून म्हणाली, "अनवाणी जावा की. देवीला जाताना न्हाई का जात?" तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी निकाल लागला: लेसचे, बंद, तपकिरी, चामड्याचे बूट. सोलापूरहून. मी तहसील कचेरीत कारकून. साहेबांचं एक काम घेऊन मला सोलापूरला जायचंच होतं.

बापूंची जुनी वहाण मापाला न्यायची म्हणून मी उचलली, तर आईनं अडवलं.

"दशम्यांच्या पिशवीत पायताण?"

"मग हातात नेतो."

"आन त्याच हातानं दशमी खाणार?"

मी वहाण परत जागेवर ठेवली. मग आमच्याकडं सगळे करतात तेच बापूंनी केलं. पायाएवढी कडब्याची काडी तोडली. पण मास्तरच ते! "सकाळी पाय लहान असतो, संध्याकाळी सुजतो," असं म्हणून भर दुपारी बाराला पाटीवर पाऊल ठेवलं, पुढं-मागं रेघा मारल्या, काडी नखानं तोडली, तीनदा लावून बघितली आणि माझ्या हातात दिली.

"ही काडी न्हवं, माझा पाय हाय. जपून ने."

मी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. आता गुन्ह्याकडं येतो.

माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत तेव्हा एक खड्डा होता. सोलापुरात उतरलो, झाडाखाली बसून दशमी आणि शेंगाची चटणी खाल्ली. अर्धी चटणी पोटात गेली, अर्धी खड्ड्यात. हात आपोआप खिशाकडं गेला. टोक मऊ पडलं की तेवढं दातानं तोडून टाकायचं आणि नवं टोक लावायचं. मन कुठं होतं म्हणाल, तर साहेबांच्या फायलीत. दाढ स्वच्छ झाली. लई बरं वाटलं. दुकानात जाऊन मोठ्या ऐटीत खिशात हात घातला, तर काडी विडीएवढी उरली होती!

दुकानदारानं ती उजेडात धरली. "कितव्या महिन्याचं बाळ हाय?"

"वडील आहेत."

त्यानं काडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग तुम्हीच सांगा, पाऊल केवढं?"

मला सांगता येईना. लहानपणापासून रोज आंघोळ झाली की त्या पायांवर डोकं ठेवत आलो होतो, आणि ते केवढे आहेत हे मला ठाऊक नव्हतं! डोळे मिटलेले असायचे. पण हातांना तरी आठवत असेल, असं वाटलं. म्हटलं, "शेठ, जरा उभे राहता का?" तो उभा राहिला. मी वाकलो आणि त्याच्या दोन्ही पावलांवर हात ठेवून, डोळे मिटून, बापूंचा अंगठा मनगटाशी लागतो की आणखी पुढं, ते आठवू लागलो.

"अहो, अहो! उठा! पाया पडून भाव कमी होत न्हाई!"

दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. एक बाई म्हणाली, "गुरू असतील त्याचे." मी घामाघूम. "हाच! हाच नंबर द्या, तुमच्या पायाचा!" म्हणालो, बूट घेतले आणि पळालो. दुकानदार अंगानं बुटका होता, हे मला परतीच्या मोटारीत बसल्यावर आठवलं.

घरी बापूंचा पाय बुटात अर्धा गेला आणि थांबला.

"काडी कुठाय?"

"दुकानदारानं ठेवून घेतली."

"बरोबर हाय. रेकॉर्डला ठेवत असतील." मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "माप मी स्वतः घेतलंय, तेव्हा मापात चूक न्हाई. बूट कोरा हाय. सैल पडंल." मी तोंड उघडलं. मग मिटलं. ते पुढं अकरा वर्षं मिटलेलंच राहिलं.

पोस्टमास्तरांनी उपाय सांगितला: बुटात हरभरे भरून वर पाणी ओतायचं, हरभरा फुगला की चामडं ताणतं. आईला न सांगता आम्ही तिघांनी ते केलं आणि बूट माळवदावर ठेवून विसरलो. चौथ्या दिवशी आई वर वाळवण घालायला गेली, तर लेसच्या भोकांतून मोड बाहेर आलेले! "अन्न! चामड्यात!" पोस्टमास्तर महिनाभर आमच्या ओसरीवर चढले नाहीत. बूट मात्र केसभरही सैल झाले नाहीत. त्यांना उसळीचा वास तेवढा कायमचा लागला.

बापूंनी तेच घालून प्रस्थान ठेवलं. "चालता चालता बसतील."

आणि आता जे सांगायचं ते सांगताना अजून मान खाली जाते. हैदराबादची गाडी सोलापूरहून होती आणि मध्ये चार तास हातात होते. मोटारस्टँडपासून स्टेशनच्या सरळ रस्त्यावरच ते दुकान. बापू म्हणाले, "दाखवून बघू का रे त्याला?" तो दुकानदार मला बघून काय काय बोलला असता! "आज बंद असतंय," मी म्हणालो. आणि त्या दुकानासमोरून जायला नको म्हणून लंगडणाऱ्या बापाला गल्लीबोळांतून मैलभर जास्त चालवून स्टेशनावर आणलं.

हैदराबादेत बापू चालत नव्हते. बुटांतून वाट काढत होते. मुसीच्या पुलावर कठड्याला धरून उभे राहिले. पत्थरगट्टीच्या बाजारात दुकानागणिक टेकले. चारमिनारपाशी पोचेपर्यंत दिवस कलला होता. त्यांनी वर बघितलं. मग जिन्याकडं बघितलं. मग बुटांकडं.

"तू चढ," ते म्हणाले. "चारी दिशा नीट बघ आन येऊन मला सांग."

"बापू, हळूहळू जाऊ की. मी धरतो."

"न्हाई रे, होत न्हाई. जा तू."

मी चढलो. शपथेवर सांगतो, वर जाऊन मी एकही दिशा बघितली नाही. कठड्यावरून खाली वाकून फक्त बापूंना बघत होतो. ते एका चप्पलवाल्याच्या पथारीशेजारी बसले, बूट काढले, आणि पायाची बोटं त्यांनी अशी हलवली, अशी हलवली, की मला तिथूनच खाली उडी टाकावीशी वाटली.

मी जिन्याच्या तोंडाशी आलो, तेव्हा चप्पलवाला विचारत होता, "क्या हजरत, बच्चे के जूते कैकू पैन लिए?"

"नाप के हैं, मियाँ," बापू म्हणाले. त्यांची उर्दू नोकरीतली, अगदी घरंदाज.

"हौ, पन नाप किसका?"

मी दोन पायऱ्या परत वर गेलो.

त्यानं बापूंच्या पायाला दोरा लावला, तोच बुटाला लावला. दोन बोटांचा फरक! बापूंनी तो दोरा स्वतः हातात घेऊन पुन्हा लावला. आणि मग फळ्यावर गणित सुटावं तसा त्यांचा चेहरा उजळला. "काडी खरी. दोरा बी खरा. म्हणजे पाय वाढला!"

सैल चप्पल घेतली, पण सोललेल्या टाचांनी आता जिना चढणं शक्य नव्हतं. त्यांनी मला समोर बसवलं. "सांग. उत्तरेला?"

"मुसी नदी."

"दक्षिणेला?"

"फलकनुमा."

"पूर्वेला?"

"गोवळकोंडा."

"आन पश्चिमेला?"

"मावळता सूर्य," मी म्हणालो. बापूंचे डोळे भरून आले. "शाबास. धड्यात होतं तसंच हाय की सगळं!"

तुळजापुरात परतल्यावर बापूंनी शोध जाहीर केला: साठीच्या आसपास पाय वाढतो. मास्तरच म्हणतात म्हटल्यावर कोण शंका घेणार? पोस्टमास्तरांनी एक नंबर मोठा जोडा घेतला. मग वैद्यांनी. बघता बघता गल्लीतले सगळे पेन्शनर मोठ्या जोड्यांत फटक् फटक् करत फिरायला लागले. मी चाळिशीला आलो तेव्हा बापू म्हणाले, "हे आपल्या रक्तात हाय. तू आधीच तयारीत राहा." नाही म्हणायला तोंड होतं का मला? पाच वर्षं मी एक नंबर मोठा जोडा चिंध्या कोंबून घालतो आहे. कचेरीत मी येण्याआधी माझा आवाज येतो.

गेल्या साली पोस्टमास्तर मोठ्या जोड्यात अडखळून घराच्या पायऱ्यांवरून पडले. पाय प्लास्टरात. बापू त्यांना बघून आले आणि म्हणाले, "अजून एक नंबर मोठा घ्यायला पाहिजे होता त्यांनी." तेव्हा मात्र मला राहवेना.

"बापू, तुमचा पाय वाढला न्हाई."

"मग?"

"काडी मी चावली. दाढ कोरली तिनं."

बापूंनी चष्मा काढला. "सगळी?"

"विडीएवढी उरली होती."

ते ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी पायाचं काही विचारलंच नाही. "आन वरून जे सांगितलंस ते?"

"ते तुमच्या धड्यातलं. वर गेलो, पण मी नुसता तुमच्या पायांकडं बघत होतो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे कुणीच बघितलं न्हाई," ते म्हणाले. मग, "पोस्टमास्तरांना बोलू नको. आधीच त्यांना दुखतंय. आन पुढच्या महिन्यात जायचं. ह्या खेपेला खाली तू बसायचं."

गेलो. एकोणसत्तराव्या वर्षी बापू तीच चप्पल घालून, भिंतीला हात लावत, एकटे वर चढले. मी खाली पथाऱ्यांच्या रांगेत बसून त्यांचं पांढरं धोतर कठड्यावर दिसतंय का ते बघत राहिलो. दिसलं. बराच वेळ दिसत होतं. सूर्य बुडाला तेव्हा ते खाली आले आणि माझ्या शेजारी बसले.

"काय दिसलं, बापू? पश्चिमेला?"

"मावळता सूर्य."

"बघा! धड्यात होतं तसंच."

"सूर्य बरोबर हाय," बापू म्हणाले. "पण त्याच्या खाली गोवळकोंडा हाय."

"पण धड्यात तर पूर्वेला!"

"पहिल्याच वर्षी एका पोरानं विचारलं, गोवळकोंडा कुठल्या दिशेला? पुस्तकात नव्हतं. सगळा वर्ग तोंडाकडं बघत होता. दिलं ठोकून, पूर्वेला. पुढं मग तेच चाललं. तीस वर्षं." ते चप्पल काढून बोटांकडं बघत बसले. "तू निदान काडी चावली होतीस. माझ्याकडं काडीच नव्हती."

(हे सगळं लिहायला बापूंची परवानगी आहे. अट एकच: पोस्टमास्तरांच्या हाती लागू द्यायचं नाही.)

परतताना सोलापुरात स्टेशनाबाहेर पडलो आणि मी सरळ रस्त्याला वळलो. म्हटलं, आता काय उरलंय लपवायला! त्या दुकानदारालाही एकदा सांगून टाकू. पण बापूंनी मागून माझा सदरा ओढला.

"ह्या रस्त्यानं नको रे," ते हळूच म्हणाले. "पुढच्या शाळेत माझा विद्यार्थी भूगोल शिकवतो. दुसरा रस्ता हाय का?"

होता. मैलभर लांब पडतो, पण मला पाठ आहे. मी पुढं झालो, आणि आम्ही दोघं गल्लीबोळांतून फटक् फटक् करत स्टँडकडं निघालो.