अब्बासभाईंची तिकोनी भिंत

दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या व्हिलाला सपाट गच्ची. पण मागच्या अंगणातल्या मुलांच्या खोलीला उतरतं छप्परच हवं, असा हट्ट मी धरला. नाशिकची आहे मी, हट्ट सोडत नाही! छपराच्या दोन उतारांमध्ये जी तिकोनी भिंत उरली, तिच्यावर विनाइलच्या पट्ट्या ठोकायला वर्कशॉपने अब्बासभाईंना पाठवलं. रत्नागिरीकडचे सुतार, साठी उलटलेली. एकतीस वर्षं कतारमध्ये काढून येत्या रविवारी कायमचे घरी निघाले होते. माझी भिंत हे त्यांचं शेवटचं काम.

दोन दिवसांत पट्ट्या लागल्या. काय सुरेख दिसत होत्या! तिसऱ्या दिवशी मे महिन्याच्या उन्हाने सगळ्या पापडासारख्या फुगल्या. फोरमन आला आणि अब्बासभाईंच्या तोंडावर मला म्हणाला, "मॅडम, बुढ्ढे का हाथ गया. शनिवार को दूसरा आदमी लाता हूँ."

तो गेल्यावर मीही तडकले. "अहो, खिळा घट्ट मारायचा नाही, पट्टीला उन्हात पसरायला जागा ठेवायची, हे पाकिटावर लिहिलंय की!"

"ठाऊक हाय, ताई. हातच ऐकत नाय," ते म्हणाले. "आमच्या घराची पण अशीच भिंत होती, मातीची. पावसाआधी आई नि मी तिच्यावर झाप बांधायचो, माडाच्या विणलेल्या झावळ्या. खालून वर, एकावर एक, झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून. एका साली मी गाठी सैल मारल्या. खेळायला पळायचं होतं ना! वाऱ्याने झाप नेले, भिंत बसली. आईने माती कालवली. भिंत परत घातली. पण पुढे दर पावसाळ्यात रोज सकाळी विचारायची, 'अब्बास, भिंतीला आतून हात लाव. कोरडी हाय काय?' तेव्हापासून सैल काय ते माझ्याच्याने होत नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आपण काय बोलून बसलो, असं झालं. म्हटलं, "उद्या शुक्रवार, तुमची सुट्टी. नमाज झाली की या. शिडी मी धरते."

आले. सगळ्या पट्ट्या उतरवल्या, खालून परत सुरुवात केली. प्रत्येक खिळ्याला हातोडी अडायची. "अजून एक घाव मारू, ताई?"

"खलास! हात काढा!" मी खालून ओरडायची.

ते पट्टी डावी-उजवीकडे सरकवून बघायचे आणि मान हलवत पुढची घ्यायचे.

शनिवारी भर दुपारी फोरमन दुसऱ्या माणसाला घेऊन आला. पट्ट्या सरळ. हात फिरवून "ठीक है" म्हणाला आणि त्या माणसाला घेऊन परत गेला. अब्बासभाईंनी टोपी नीट केली. निघताना म्हणाले, "आमच्या पोराने, फुजैलने, घरावर स्लॅब घातलाय. झाप बांधायला भिंतच नाय राहिली."

डिसेंबरात दोह्यात तासभर पाऊस झोडपून गेला. पट्ट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ मी त्यांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला, "ताई, भिंतीला आतून हात लावा. कोरडी हाय काय?"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तशीच खोलीत गेले, स्टुलावर चढले, हात पोचेल तिथवर भिंत चाचपली आणि फोनवर म्हटलं, "कोरडी आहे, अब्बासभाई. पार वरपर्यंत कोरडी आहे."