खोक्यांवरचं कुंकू

परवा आमच्याकडे पिकोचं मशीन आलं. सेकंडहँडच, इथल्याच वणीतल्या एका टेलरकडचं, पण मोटर चांगली आहे. मी घरी साड्यांचं फॉल-पिको करते, त्यामुळे मला तर विमान आल्यासारखं झालं...

मशीन ओसरीवर उतरवलं आणि मी वाट बघत बसले. सासूबाई आत्ता येतील, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. आमच्या घरात नवीन काहीही आलं की आधी आईंचं कुंकू लागतं. गाडी, कुलर, पोरीची सायकल... एकदा तर प्रेशर कुकरलासुद्धा लावलं होतं!

आई आल्याच नाहीत. का नाही आल्या, ते मला माहीत होतं. म्हणूनच आज हे लिहायला बसले.

मागच्या वर्षी असंच मशीन नवीन घ्यायला मी पैसे साठवले होते. तेवढ्यात ओळखीच्या एका ताईंनी यवतमाळला एका कंपनीच्या सेमिनारला नेलं. एसी हॉल, टाळ्या, स्टेजवर रडणाऱ्या बायका... घरबसल्या कमाई, आणि नाही जमलं तर तीस दिवसांत माल परत, पैसे परत.

मला ते शेवटचं वाक्य पुरलं. मशीनचे पैसे देऊन किट घेऊन आले. केसांचं तेल, फेसवॉश, प्रोटीनचे डबे आणि वर ट्रेनिंगचं जाडजूड पुस्तक.

आईंनी सगळं देवाजवळ मांडलं. एकेका खोक्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. दुकानदार नव्या वहीवर काढतात तसं पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढलं. "माह्या सुनेचा धंदा चालू दे रे बाप्पा," म्हणाल्या. मीच त्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता, हात जोडलेला इमोजी टाकून.

वीस-बावीस दिवसांत उमगलं. इथे माल नाही विकायचा, माणसं जोडायची. शेजारच्या मेहरुन भाभींना जोडलं आणि पुढे कोणाकडे जायला पायच उचलेना. मुदत संपायला चार दिवस होते, तेव्हा खोकी पोत्यात भरली आणि एसटीनं यवतमाळ गाठलं.

ऑफिसातल्या साहेबांनी एकेक खोकं फिरवून पाहिलं. वणीच्या खाणींची कोळशाची धूळ बसलेली, ती फडक्यानं पुसून घेतली, त्याचं काही नाही. सीलही शाबूत होतं. मग कुंकवावर नख घासलं आणि म्हणाले, "मॅडम, डाग आहेत. हा माल विकता येणार नाही."

डाग! पुस्तकाचं तर पहिलं पान उघडलं आणि लगेच मिटलं. ट्रेनिंग मटेरियल वापरलं की रिफंड नाही म्हणे... वापरलं म्हणजे काय, तर ते स्वस्तिक.

मी भांडले. ऐकून घेणाऱ्यातली मी नाहीच. पण 'माल विक्रीयोग्य स्थितीत असावा' या ओळीखाली माझीच सही होती आणि ती ओळ मी वाचलेलीच नव्हती. पोतं उचलून परतीची बस धरली.

दारातच आईंनी विचारलं, "झालं का वो काम?" बस्स. त्या साहेबाला बोलायचं ते, त्या ताईला बोलायचं ते, सगळं मी त्या म्हातारीला बोलले. तुमच्या कुंकवानं घालवलं सगळं, कोणी सांगितलं होतं बोटं लावायला!

त्यांनी पाण्याचा गिलास तेवढा पुढे केला. मी तोही घेतला नाही.

सकाळी उठले तर आई मागच्या अंगणात, पुढ्यात सगळी खोकी आणि हातात ओलं फडकं. पुसून पुसून खोक्यावरची छपाई निघाली होती, कुंकू मात्र पसरून गुलाबी झालं होतं. "निघून राह्यलं वो थोडं थोडं," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मेहरुन भाभी त्यांचा माल परत करायला गेल्या. मुदतीच्या आत. डाग सोडा, वरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. ऑफिसात त्यांना सांगितलं, बिल तुमच्या अपलाइनच्या नावावर आहे, तुम्हाला रिफंड नाही. अपलाइन म्हणजे त्यांना जोडणारी... म्हणजे मी.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कुंकू नसतं तर दुसरं काही निघालं असतं. कंपनीला पैसे द्यायचेच नव्हते.

भाभींकडून धावत घरी येऊन आईंना सांगितलं. भाकर थापता थापता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू मले समजावून राह्यली. समजते मले." माफी मागायची होती, पण जीभच उचलेना. त्यानंतर वर्षभर तो करंडा देवघराबाहेर निघाला नाही.

म्हणीत तेलही जातं, तूपही जातं. आमच्याकडे तेल काही जाईना. वर्षभर घरात सगळे तेच डोक्याला लावतोय.

तर परवा मीच उठले. करंडा आणून आईंच्या हातात दिला आणि जे वर्षभरापूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हणाले... आई, चुकलं माझं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे परत तं नाही कराचं नं?"

नाही आई, आपलंच आहे, लावा. बोटावर कुंकू घेतलं, हात मशीनपर्यंत गेला आणि थांबला. मग गुडघ्यावर हात टेकून त्या वाकल्या आणि मशीनच्या खालच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, मोहरीएवढा ठिपका लावला.

पैसे गेले ते गेले, पुन्हा साठतील. पण आईंचा तो बिनधास्त हात माझ्या एका बोलण्यानं गेला, तो काही परत आला नाही. तरी त्यांनी लावलं... एवढंही माझ्या लायकीपेक्षा जास्तच आहे.