खोलीचं तापमान सत्तावीस

तुमसरच्या एका कॉलेजात संघपाल प्रयोगशाळेचा परिचर होता. परीक्षानळ्या धुणं, सरांना चहा आणणं आणि विद्यार्थ्यांना विज्ञान पुरवणं, ही तिन्ही कामं त्याचीच. बॉइलचा नियम पडताळायची काचेची नळी गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली फुटली आणि पारा फरशीच्या भेगांत गेला. नवी नळी पुढची तेरा वर्षं 'मागणी पाठवली आहे' या अवस्थेत सुखात होती.

नळी नव्हती म्हणून प्रयोग काही अडला नाही. एका जुन्या हुशार मुलाची प्रयोगवही संघपालच्या कपाटात होती, तिच्यातून पोरं आकडे उतरवून घेत. दाब वाढला की हवा त्याच पटीत आकसते, दोघांचा गुणाकार कायम राहतो, असं बॉइल सांगून गेला. तुमसरात तो गुणाकार असा कायम राहिला की तेरा बॅचमध्ये दशांशानंही हलला नाही. खोलीचं तापमानही तसंच आज्ञाधारक. जानेवारीत सत्तावीस अंश, एप्रिलातही सत्तावीस.

मग आंबागडहून एसटीनं येणारी प्रतिक्षा पहिल्या वर्षाला आली.

"काका, हे आकडे कोनं मोजले?"

"मोजले असतीन कोनं तरी. तू लिव."

"मले मोजून पाहाचे आहेत."

संघपालला हे नवीनच होतं. त्यानं औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, तिचं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद केलं. प्रतिक्षाचा बाप आठवडी बाजारात भाजी विकायचा, तिनं त्याची वजनं आणली. एकेक वजन दट्ट्यावर ठेवत दोघं आकडे लिहीत गेले. गुणाकार कायम राहीना. कधी थोडा वर, कधी थोडा खाली. पण हवा खरोखर आकसत होती. संघपालनं नोकरीत पहिल्यांदाच ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी चहा आणायचा विसरला.

एप्रिलात परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. रुमालानं मान पुसत त्यांनी प्रतिक्षाची वही उघडली.

"खोलीचं तापमान एक्केचाळीस? असं असतं का कधी?"

"सर, थर्मामीटर भिंतीवरच आहे," संघपाल म्हणाला. "पाहून घ्या."

"तुम्ही परिचर ना? थंड पाणी आणा."

त्यानं पाणी आणून दिलं. इतरांना तीसपैकी अठ्ठावीस पडले, प्रतिक्षाला एकोणीस. महाविद्यालयाच्या उज्ज्वल निकालाबद्दल संघपालला शाल-श्रीफळ मिळालं.

"काका, माह्यं चुकलं काय?" तिनं विचारलं.

"तुह्यं नाही चुकलं. तू मोजलं, बाकीच्याईनं लिवलं."

पुढच्या वर्षी त्यानं स्वतःहून डझनभर सिरिंजा आणल्या. चाळीसपैकी तिघीच पोरी मोजायला आल्या. बाकीच्यांनी वही मागितली आणि संघपालनं ती दिलीही, नोकरी करायची होती. तिघींचे आकडे एकमेकींशी जुळले नाहीत. कुणाची सिरिंज गळते यावर त्या पाऊण तास भांडल्या, आणि संघपाल किल्ल्या खिशात घालून स्टुलावर ऐकत बसला.