दोन हजार वॅट आणि मथुराबाईंची दोन बोटं

“कण हाय अजून,” मथुराबाई म्हणाल्या.

मी जारमध्ये डोकावले. आत मऊ भात होता, त्यात मूगडाळ, गाजर आणि एक उकडलेलं अंडं. दोन हजार वॅटच्या ब्लेंडरमध्ये तो सगळा प्रकार मी पूर्ण तीन मिनिटं फिरवला होता. दिसायला तर साईसारखा मऊ झाला होता. मी थोडं तळहातावर घेऊन चोळलं. मला काहीच लागेना.

“कुठे आहे कण? मला तर लागत नाही.”

“हाय गो. तुला नाय लागायचा.”

त्यांनी पुन्हा अंगठा आणि तर्जनी जारमध्ये बुडवली, डोळे मिटले आणि दोन बोटं एकमेकांवर हळूच फिरवली. “भाताचा हाय. गाजराचा नाय. गाजर मेलंय.”

माझं काम डेमोचं. दुकानात किंवा गिऱ्हाइकाच्या घरी मिक्सर, ब्लेंडर चालवून दाखवायचे. राहायला मी रोह्याला, ड्युटी पेणच्या दुकानात. आमच्या शेठचं एक दुकान रोह्यालाही आहे. एकोणीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे आपल्याला या धंद्यातलं सगळं कळतं असा माझा दाट समज होता. गिऱ्हाईक कां कू करायला लागलं की मी जारमध्ये अख्खं हळकुंड टाकायची. मशीन कडाडायचं, हळकुंडाची पूड व्हायची, गिऱ्हाईक गप्प बसायचं. मथुराबाईंनी मात्र आल्याआल्या माझ्या हातातलं हळकुंड बाजूला ठेवलं आणि पिशवीतून स्वतःचा स्टीलचा डबा काढला. “ह्ये फिरव,” म्हणाल्या.

त्या खाडीकडच्या गावातल्या. वय साठीच्या पुढे. आयुष्य मिठागरात गेलेलं. त्यांच्या नवऱ्याचं, धर्माजींचं, जबड्याचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर होता. तोंडाने काही घेता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातलेली. बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडीशी जाड. सगळं जेवण तिच्यातून. घरचा मिक्सर जुना, पाती झिजलेली. त्यात वाटलेलं जेवण दोनदा नळीत अडकलं. दोन्ही वेळा त्यांना रिक्षात घालून पेणला आणावं लागलं आणि नळी बदलावी लागली. मग मथुराबाईंनी जेवण फडक्यातून गाळून द्यायला सुरुवात केली. नळी तुंबायची थांबली, पण अर्धं जेवण फडक्यातच राहायला लागलं. धर्माजींचं वजन उतरू लागलं.

“दाक्तर बोलला, पंधरा दिवसांनी काट्यावर उभं करीन,” त्या म्हणाल्या. “काटा अजून खाली आला तर शेक द्यायचा नाय. अंगाला झेपायचा नाय बोलला.”

शेक म्हणजे रेडिएशन. ऑपरेशननंतर ते मिळालं नाही तर काय होऊ शकतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या पुतण्याने मोबाईलवर बघून सांगितलं होतं की सगळ्यात जास्त वॅटचं मशीन घे. म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या.

आमचे शेठ काउंटरवरून सगळं ऐकत होते. ते दोन हजार वॅटचं धूड सहा महिने शोकेसमध्ये बसून होतं. त्यावरची धूळ झटकायचं कामही माझंच.

“मावशी, याच्यावर मशीन नाही,” शेठ म्हणाले. “हॉटेलवाले नेतात हे.”

“नेऊ देत. कण हाय.”

“अहो, ताईंना लागत नाही, मला लागत नाही…”

मथुराबाई वाद घालत बसल्या नाहीत. पिशवीतून पांढरं फडकं काढलं, जारमधलं त्यातून ओतलं, वरून पाण्याची धार सोडली आणि फडकं पसरून आमच्यासमोर धरलं. कापडावर भाताचे बारीक पांढरे ठिपके राहिले होते. गाजराचा एकही नव्हता. अगदी त्या म्हणाल्या होत्या तसंच. शेठनी चष्मा लावून पाहिलं आणि चष्मा परत खिशात ठेवला. मी तर थक्कच झाले. नुसत्या बोटांनी असं ओळखणारं माणूस मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता मला लाज वाटायला लागली. मी कपाटातून त्या ब्लेंडरचं माहितीपुस्तक काढलं. खरं सांगते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. तिसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं: जारमध्ये कमीत कमी अर्धा लिटर माल हवा. मथुराबाईंच्या डब्यात एक कपभर जेवण. धर्माजींना एका वेळी तेवढंच द्यायचं होतं. एवढ्या मोठ्या जारमध्ये एक कप माल टाकला की पातं दोन-चार फेऱ्यांतच तो भिंतीवर उडवतं आणि मग मोकळंच फिरत राहतं. आवाज मोठा, काम थोडं.

वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं त्याचा आकडा. जोर येतो तो त्यातून. पण माल किती बारीक होणार ते पातं, जारचा आकार आणि आतला माल या सगळ्यांवर ठरतं. ट्रेनिंगमध्ये हे सांगितलेलं होतं. काउंटरवर आकडा सांगितला की गिऱ्हाईक लवकर पटतं, म्हणून मी बाकीचं सोडून दिलं होतं. शिवाय हळकुंड कडक असतं, पात्यावर आपटून फुटतं. मऊ भाताचा कण पात्यापासून निसटतो. माझा इतक्या वर्षांचा डेमो या बाईच्या काही कामाचा नव्हता.

“दिवसभराचं एकदम करा,” शेठ म्हणाले. “अर्धा लिटरच्या वर होईल. फ्रिजमध्ये ठेवा.”

“फ्रिज हाय. लाईट टिकते का आमच्याकडं? जरा आंबलं आन् पोट बिघडलं, तर हाय ते वजन बी जाईल.”

मथुराबाई डबा पुसून पिशवीत ठेवू लागल्या, तेव्हा मला रोह्याच्या दुकानातला एक खोका आठवला. हजार वॅटचा छोटा ब्लेंडर. त्याला जार नसतो, बाटली असते. माल भरायचा, पात्याचं झाकण लावायचं आणि बाटली उलटी करून मशीनवर बसवायची. सगळा माल आपोआप पात्यावर येतो. जिमला जाणारी पोरं मिल्कशेक बनवायला नेतात, म्हणून आम्ही त्याला खेळणं म्हणायचो.

“शेठ, रोह्याचं ते खेळणं उद्या यांच्या घरी नेऊन बघते.”

“खोका फोडणार?”

“फोडल्याशिवाय कसं कळणार?”

“आणि नाही जमलं तर? फोडलेला खोका कोण घेणार?”

“मी घेईन,” मी म्हणाले. हे मी का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. शेठनी माझ्याकडे पाहिलं, फडक्यावरच्या ठिपक्यांकडे पाहिलं, आणि रोह्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोका मांडीवर घेऊन मी एसटीने निघाले. कोलाड, नागोठणे, गडब करत पेण आलं, तिथून रिक्षाने मथुराबाईंचं गाव. पडवीत खाटेवर धर्माजी बसले होते. नाकाला पट्टीने चिकटवलेली नळी, गालफडं आत गेलेली, पण शर्ट इस्त्रीचा. बोलता येत नव्हतं. त्यांनी मला हात जोडले आणि खाटेवर सरकून जागा करून दिली.

मथुराबाईंनी जेवण शिजवून तयार ठेवलं होतं. मी आधी नियम सांगितले. बंद बाटलीत गरम माल घालायचा नाही, वाफ कोंडून झाकण उडतं. कोमट होऊ द्यायचं. आणि एका वेळी एकच मिनिट चालवायचं, मग तेवढाच आराम, नाहीतर मोटर जळते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी कपात मोजलेलं पाणी बाटलीत ओतायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“आत्ता पानी नको.”

“पाण्याशिवाय फिरणार नाही.”

“दोन चमचे घाल. वाटण करताना आधीच पातळ करतंस काय? पान्यात दाना पळतो. आधी घट्ट वाट, मंग सोड पातळ.”

डेमो मी द्यायचा होता. मी निमूट दोन चमचे पाणी घातलं. पहिलं मिनिट. मशीन कण्हत फिरलं. बाटली उघडली, बोटं आत गेली.

“हाय.”

आराम. बाटली हलवून माल मोकळा केला. दुसरं मिनिट.

“हाय. बारीक हाय, पन हाय.”

तिसऱ्या मिनिटाला आवाज बदलला. कण्हणं थांबून एकसारखी घुमघुम आली. हा फरक मशीनवर हात ठेवून मला कळायच्या आधी मथुराबाईंना कळला; त्यांनी मान वर केली. मग राहिलेलं पाणी घालून चौथं मिनिट. त्यांनी बोटं बुडवली, डोळे मिटले. या खेपेला खूप वेळ लावला. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. सुरकुतलेली, मिठाने टोकं पांढरट पडलेली बोटं.

“नाय,” त्या म्हणाल्या.

आम्ही त्यातलं थोडं फडक्यातून गाळलं. वरून पाणी सोडलं. फडकं उजेडात धरलं. त्यावर एकही ठिपका नव्हता.

“मावशी, तुम्हाला हे कळतं कसं?” मला राहवलं नाही.

“त्यात काय कळायचंय?” त्या खरंच गोंधळल्या. “मिठाचा दाना हातात घेऊन बघायचा, कवळा हाय का भरलाय. कवळा असतानाच वाफ्यातनं वढला तर वितळून जातो, म्हयन्याची मेहनत पान्यात. रोज हजार वेळा बघायचो. आता डोळे मिटले तरी बोट सांगतं.”

त्यांच्या लेखी विषय संपला होता. माझ्या लेखी मात्र नव्हता. लॅबमध्ये मशीन लावून जे मोजतात ते ही बाई चुलीशी बसून मोजत होती, आणि त्यात काही विशेष आहे हे तिला ठाऊकही नव्हतं.

नळीतून जेवण देताना मोठी सिरिंज लावतात. तिचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी उंच धरली की जेवण आपल्या वजनाने खाली उतरायला हवं. धर्माजींचं, गाळलेलंसुद्धा, कधी आपसूक उतरायचं नाही. दट्ट्या लावून ढकलावं लागायचं आणि तेव्हा ते खाटेची कड घट्ट धरायचे. आजही त्यांनी आधीच कड धरली. मथुराबाईंनी सिरिंज भरली आणि उंच धरली. जेवण खाली सरकू लागलं. संथ, एकसारखं, कुठेही न अडकता. धर्माजी आधी नळीकडे बघत होते, मग बायकोकडे. हळूहळू त्यांनी खाटेची कड सोडली.

कप संपला. त्यांनी बोटाने रिकाम्या सिरिंजकडे दाखवलं आणि मग स्वतःच्या पोटाकडे.

“अजून मागतंय बग म्हातारं,” मथुराबाई म्हणाल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “तीन म्हयन्यांत पयल्यांदा मागितलं.” मी बाटली धुवायच्या निमित्ताने मोरीकडे गेले.

पंधराव्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. मागे हॉस्पिटलचा गोंगाट होता.

“पोरी, काटा दीड किलो वर गेला. सोमवारपासून शेक चालू.”

“मावशी! मशीन चांगलं निघालं म्हणजे.”

“मशीन बरं हाय,” त्या म्हणाल्या. “जरा तापतं.”

दोन हजार वॅटवाल्याची धूळ मी अजून झटकते. काउंटरवर गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, “ताई, सगळ्यात जास्त वॅटचं कुठलं?” पूर्वी मी लगेच बोट दाखवायची. आता आधी विचारते, घरात खाणार कोण आहे. काही जण वैतागतात, काही हसतात. पण कोणाच्या घरी दात नसलेले सासरे निघतात, कोणाच्या घरी सहा महिन्यांचं बाळ, आणि त्यांच्याबद्दल सांगता सांगता गिऱ्हाइकं त्या शोकेससमोरून आपणच बाजूला होतात.