मुंबईचा पुतळा कन्नड बोलला तेव्हा

हसू नका असं सांगतच नाही मी. चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर नाकातून येईल! कारण फजिती दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे, आणि तीही अख्ख्या वर्गासमोर झालेली.

मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बेंगळुरात आले आणि चामराजपेटेतल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकवता शिकवता केस पांढरे झाले. आमच्याकडे सराव कशावर करायचा? उशीवर! उशीला बँडेज बांधा, उशीचं अंग पुसा, उशीला कुशीवर वळवा. मग खरा पेशंट समोर आला की पोरींचे हात लटपटायचे. म्हणून नव्वदच्या दशकात रिटायर झाले तेव्हा ठरवलं, पुढच्या पोरींसाठी माझ्यातर्फे सरावाचा पुतळा द्यायचा. चांगला माणसाएवढा! मुंबईहून मागवला. मी नुसतं चित्र पाहिलं होतं, पण आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. आमचे हे म्हणालेसुद्धा, "माझ्या येण्याची एवढी वाट पाहिली होतीस का गं कधी?"

आणि नुसता पुतळा देऊन भागणार नव्हतं बरं का! पुतळा द्यायचा समारंभ ठरला होता आणि त्या दिवशी आमच्या स्कूलच्या ट्रस्टचे अध्यक्ष रामण्णा तो बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला, तर वरचा अख्खा हॉल पोरींना सरावासाठी मिळणार होता.

मी मार्केटातून हार घेऊन धापा टाकत पोचले. समारंभाला वेळ होता. प्रिन्सिपल कमलाक्का कुठे दिसेनात. पण मला धीर कुठला! पोरींना घेतलं आणि थेट प्रॅक्टिकलच्या खोलीत शिरले.

खिडकीजवळच्या खाटेवर, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीखाली, आडवा पडलेला... माझा पुतळा!

"बघा गं पोरींनो!" मी पायाकडची चादर वर केली. "नखंसुद्धा बसवलीत! आणि टाचेच्या भेगा बघा. काय कारागिरी आहे!"

बेळगावची सुवर्णा पुढे होती. तिनं हळूच बोट लावलं. "मॅडम, पाय गरम लागतोय."

"खिडकीतून ऊन येतंय ना! रबर तापणारच."

"मॅडम, पोट वरखाली होतंय."

"मग! श्वास घेणारा आहे तो! मी काय साधासुधा मागवलाय?"

तेवढ्यात चादरीखालून घर्रर्र असा आवाज आला.

"मॅडम, घोरतोय!"

आता तरी मला कळावं की नाही? पण आनंदानं माणसाची मती किती जाते, ते माझ्याकडून शिका. मी म्हटलं, "आत मोटर असणार गं. जरा तेल घालावं लागेल."

मग पदर खोचला. म्हटलं, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि दिला जोर!

चादरीतून आवाज आला, "अय्यो! यार्री अदु?"

आणि मी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या! "बघा, बघा! कोण आहे म्हणून विचारतोसुद्धा! मुंबईहून आलाय आणि कन्नड बोलतोय!"

चादर घसरली. कपाळावर गंध, गालावर उशीचे वळ. साक्षात रामण्णा!

झालं होतं असं, की जयनगरात कुणाच्या तरी लग्नात होळिगेवर, म्हणजे आपल्या पुरणपोळीवर, ताव मारून ते लवकरच येऊन बसले होते. पेंग यायला लागली, तसं कमलाक्कांना म्हणाले, "स्वल्प आडवा होतो." त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि कॉफी सांगायला गेल्या. डास चावतात म्हणून यांनी चादर डोक्यावरून ओढलेली. माझा पुतळा पलीकडे पडद्यामागच्या खाटेवर, तोंड उघडं टाकून शांत पडला होता.

मी मार्केटातून आणलेला हार उचलला आणि तसाच त्यांच्या गळ्यात घातला. दुसरं काय करणार? मनात म्हटलं, गेला हॉल! माझ्या एका हौसेपायी पोरी पुन्हा उशीवर!

समारंभात रामण्णा बोलायला उभे राहिले. मी खाली मान घालून पहिल्या रांगेत.

"हॉल दिला," ते म्हणाले. पोरींनी गलका केला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! पण ते खाली बसेनात. "आणि माझ्यातर्फे आणखी एक पुतळा. तो मात्र मुलींसाठी नाही, मॅडमसाठी. जिवंत माणूस कुठला आणि पुतळा कुठला, हे ओळखायचा सराव त्यांना अजून स्वल्प कमी पडतोय!"

सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? मीच शिकवलेल्या पोरींनी!